घरचा गोली, बाहेरचा गोली

ओरुरो, १६ फेब्रुवारी

मेव्हणेसाहेब रोमुलो,

अभिनंदन. पेपरात तुझा फोटो आला आहे. फोटो जुना आहे, मिशीवाला, त्यामुळे तुझ्या बहिणीने आधी ओळखलाच नाही. मी ओळखला. चेंडू तुझ्या पाठीमागे गोलच्या जाळ्यात होता.

नवा प्रशिक्षक आला आहे, इतुर्बे नावाचा, अर्जेंटिनाचा. विमानातून उतरला, आपली विरळ हवा लागून शिडीच्या पायथ्याशीच खाली बसला, आणि बसल्या बसल्या म्हणाला की संघात बाहेर खेळणारे हवेत. मग उठला आणि यादी वाचली. बाहेरच्यांत तू आहेस. घरच्यांत मी आहे. गोलीची नावं दोनच आहेत, तुझं आणि माझं. मैदानात एका वेळी एकच गोली उतरतो, हे तुला पोर्तुगालमध्ये शिकवलं असेलच.

जूनमध्ये चिलीशी सामना ला पासला. दोन आठवड्यांनी परतीचा सामना सान्तियागोला. दोन्ही मिळून जो मागे पडेल तो घरी. चिली असल्यामुळे लोक जास्तच तापले आहेत. आपला समुद्र त्यांनी नेला त्याला शंभर वर्षं झाली, तरी पोस्टातला कारकून मला म्हणाला, "दाराशी तूच उभा राहणार ना? मग आता निदान तेवढं तरी बघ."

मी चौतीस वर्षांचा आहे. देशाच्या संघात बोलावणं पहिल्यांदाच आलं. दुसरं येणार नाही. ती जर्सी मला हवी आहे. सरळ लिहितो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की कासियानोने तोंडावर गोड बोलून मागून खेळी केली.

कार्निव्हल पार पडलं. गुडघा जपायचा म्हणून यंदा मी नाचलो नाही. आमच्या सैतान-नाचाच्या पथकात एक सैतान कमी पडला.

तुझा दाजी,
कासियानो कोन्दोरी

ता. क. मी बेनिता. फोटो मी लगेच ओळखला होता. हा खोटं लिहितो. मिशी काढलीस ते बरं केलंस.


एस्पिन्यो, ९ मार्च

दाजी, नमस्कार.

तुमच्या पत्राला मासळीचा वास होता. इथे सगळ्यालाच असतो.

यादीचं मला आधीच कळलं होतं. क्लबमध्ये तार आली. अध्यक्षांनी ती सगळ्यांसमोर वाचली आणि विचारलं, "बोलिव्हिया म्हणजे कुठे?" मी वर बोट दाखवलं.

तुम्ही सरळ लिहिलंत, मीही लिहितो. जर्सी मलाही हवी आहे. तुमच्यावर माझा राग नाही. तुम्ही चांगले गोली आहात, ओरुरोच्या मानाने. पण इथे गोलींना शिकवायला वेगळा माणूस असतो. तो दुसरं काहीही करत नाही. तुमच्या क्लबात तोच माणूस तिकिटं फाडतो आणि मलमही लावतो. इथे गवत आहे. पडलं तरी कातडी अंगावर राहते. सामना संपल्यावर गरम पाणी येतं, दर वेळी येतं.

परवाचा सामना छान झाला. पाऊस होता. त्यांच्या उजवीकडच्या पोराने आमच्या लोकांना या टोकापासून त्या टोकापर्यंत असं पळवलं की बघता बघता माझी मान दुखायला लागली. आम्ही एक-शून्यने जिंकलो.

एक विचारायचं होतं. तिकडे वर, विरळ हवेत, लांबून मारलेला चेंडू कसा येतो ते मी जरा विसरलो आहे. इकडे येऊन सहा वर्षं झाली. सांगाल तर बरं होईल. आणि ताईला म्हणावं, चुन्यो पाठव. इथले लोक बटाटा ताजा खातात. गोठवून, तुडवून, वाळवून काळा केलेला बटाटा माणूस खातो, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना माझी कीव आली.

तुमचा,
रोमुलो विल्का


ओरुरो, ३१ मार्च

रोमुलो,

चेंडू गोल असतो. लांबून मारला तर लांबून येतो. यापेक्षा जास्त माहिती तुझ्या त्या वेगळ्या माणसाला विचार.

चुन्यो पाठवला आहे. बेनिताने पिशवी दोनदा शिवली, म्हणजे तुझ्यावर अजून माया आहे.

मी इकडे माझ्या परीने तयारी करतो आहे. सकाळी रेल्वेचा कारखाना, दुपारी मैदान. खडीवर लोळून पँट फाटते, म्हणून मी लोळत नाही. चेंडू जिथे येणार तिथे आधी जाऊन उभा राहतो. तुमच्याकडे याला काय म्हणतात माहीत नाही. आमच्याकडे याला म्हातारपण म्हणतात.

दुसरी तयारीही झाली. मागच्या शुक्रवारी दोन्या साबिनाला घेऊन ला पासला गेलो. ती आपल्या गल्लीत सगळ्यांचे विधी करते, तुझ्या बारशालाही होती. मैदानाच्या माळ्याला सिंगानी दारूची बाटली दिली आणि दक्षिणेकडच्या गोलखाली धरणीमातेला नैवेद्य पुरला. लोकरवाल्या लामाचं वाळलेलं पिल्लू, खडीसाखर, कोकाची पानं, वरून दारू. म्हातारीने विचारलं, "मागायचं काय?" मी म्हणालो, "या गोलात चेंडू जाता कामा नये." तिने तेच शब्द जमिनीला सांगितले. माळ्याने उरलेली बाटली जमिनीला न विचारता संपवली.

आता कोणी कितीही गवतावर लोळून येऊ दे.

कासियानो


एस्पिन्यो, २१ एप्रिल

दाजी,

तुमचं पत्र मी क्लबात मोठ्याने वाचलं. भाषांतर करत वाचलं. मालीशवाला रडेपर्यंत हसला. मग डोळे पुसत म्हणाला, "पण मध्यंतरानंतर?"

दाजी, मध्यंतरानंतर बाजू बदलतात. गेली वीस वर्षं तुम्ही गोलात उभे आहात. दर सामन्यात अर्ध्यावर पलीकडे चालत जाता. ते काय पाय मोकळे करायला?

पंचेचाळीस मिनिटं धरणीमाता तुमच्या पाठीशी. उरलेली पंचेचाळीस तीच जमीन, तोच लामा, आणि वर चिलीचा गोली. तुम्ही म्हणालात या गोलात चेंडू जाता कामा नये. कुणाचा ते म्हणालात का? आता घाईघाईने दुसऱ्या गोलखाली पुरायला जाऊ नका. सामना शून्य-शून्य सुटेल आणि ती म्हातारी स्वतःच दोघी-तिघींना सांगेल की काम चोख झालं.

चुन्यो मिळाला. रडायला आलं. मालीशवाल्याला एक दिला. त्याने तो खिशात ठेवला आणि अजून तो काय आहे ते विचारतो.

चेंडूचं तुम्ही टाळलंत. मला कळतं. मी तुमच्या जागी असतो तर मीही टाळलं असतं. पण मी पुन्हा विचारतो, कारण दुसऱ्या कुणाला विचारणार?

रोमुलो


ओरुरो, १२ मे

रोमुलो,

मी बेनिता. हे पत्र माझं आहे, त्याचं नाही. तो मैदानावर गेला आहे.

तुझ्या पत्रानंतर तो पुन्हा दोन्या साबिनाकडे गेला. नैवेद्य परत काढता येईल का म्हणून विचारलं. म्हातारी म्हणाली, "दिलेलं परत मागायला ती काय शेजारीण आहे?" आता तो मुंडी खाली घालून जेवतो. कर्णधाराला भेटून कुठली बाजू आधी मागायची याचा हिशोब लावतो. कुठूनही लावला तरी अर्धाच सामना उरतो.

आता तुझं. गोलीची मान दुखत नाही. मी आधी एका गोलीबरोबर वाढले, मग एका गोलीबरोबर संसार केला. गोलीची कंबर दुखते, खांदे दुखतात, बोटं वाकडी होतात. सामना समोरून येतो, त्याला मान वळवावी लागत नाही. मान दुखते ती मधोमध बाकावर बसणाऱ्याची. किती दिवस बसला आहेस?

मी कासियानोला काही बोलले नव्हते. त्याने स्वतःच ओळखलं. मार्चचं पत्र पुन्हा काढून वाचलं आणि दाढी करता करता शीळ घातली. परवा रेडिओवाल्याने विचारलं, "घरचा गोली की बाहेरचा?" तेव्हा हा म्हणाला, "रोमुलो उत्तम गोली आहे. बसल्या जागी." सगळा ओरुरो हसला. मीही हसले. मग वाईट वाटलं. मग भांडी घासताना पुन्हा हसू आलं. तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मी सांगते.

चेंडूचं मला विचारू नकोस. मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही. मी एकाची बायको आणि एकाची बहीण. जर्सी कुणीही घाला, धुणार मीच आहे.

ताई


एस्पिन्यो, ३० मे

ताई,

हो. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून. एक सामना वाईट गेला, मग बाकावर बसवलं, मग विसरले. अध्यक्षांनी परवा सांगितलं की देशाकडून खेळलास तर करार वाढवू, नाहीतर जूननंतर तुझं तू बघ. सुट्टी मात्र दहाच दिवसांची दिली आहे. म्हणजे मला एकच सामना मिळेल, आणि तो ला पासचाच.

दाजींना सांग, मी येतो आहे. त्यांच्याशी बोलणार नाही.

रोमुलो


ला पास, १३ जून
खोली ४१२ वरून खोली ३ ला

रोमुलो,

हे तुझ्या दाराखालून सरकवतो आहे, कारण मी समोर आलो की तू भिंतीकडे बघतोस. भिंतीवर इतुर्बेच्या बायकोने लावलेलं कॅलेंडर आहे. तुला त्यात एवढं काय सापडतं ते कळत नाही.

तुम्ही बाहेरचे सगळे हॉटेलच्या खालच्या मजल्यावर, कारण जिने चढलात की मरता. आम्ही घरचे चौथ्या मजल्यावर, कारण आम्ही मरत नाही. लिफ्ट बंद आहे. जेवायला तुमचं टेबल खिडकीशी, आमचं संडासाशी. तुमच्या टेबलाखाली ऑक्सिजनची नळकांडी आहे. काल तुमचा तो इटलीतला पोरगा सूप पिता पिता नाकाला लावून बसला होता. आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या माझ्या नव्हत्या. म्हणजे, सगळ्या माझ्या नव्हत्या.

आज इतुर्बेने जे सांगितलं ते तू ऐकलंस. ला पासला तू खेळणार, कारण तुझा क्लब तुला नंतर सोडणार नाही. सान्तियागोला मी, कारण तोवर दुसरं कुणी उरत नाही. म्हणजे सहा वर्षं समुद्राकाठी राहिलेला माणूस डोंगरावर उभा राहणार, आणि डोंगरावरून कधी न उतरलेला माणूस खाली. मी त्याला म्हणालो, "प्रोफे, हे उलटं झालं." तो म्हणाला, "दोघांनाही जर्सी मिळाली. आता तक्रार काय आहे?"

जर्सी एकच आहे, हे त्याने नंतर सांगितलं. एक नंबरची एकच शिवली आहे. तुझ्यानंतर ती मला मिळेल.

कासियानो


खोली ३ वरून खोली ४१२ ला
१३ जून, जेवणानंतर

दाजी,

तक्रार नाही. श्वासही नाही. म्हणून थोडक्यात लिहितो.

रेडिओवरचं ऐकलं. विमानतळावरचा हमालसुद्धा मला म्हणाला, "बसा साहेब, बसल्या जागी सामान आणतो."

आज सरावात आपल्या लोकांनी लांबून सात चेंडू मारले. मी एकही नीट घेतला नाही. तुम्ही कुंपणाशी उभे होतात. हसला नाहीत. हसला असतात तर बरं वाटलं असतं.

रो.


खोली ४१२ वरून खोली ३ ला
१५ जून

रोमुलो,

ऐक. तुझ्या तिथे चेंडू हवेत वळतो, शेवटी खाली बसतो. इथे वळत नाही. जसा पायातून सुटतो तसाच सरळ येतो, आणि तुला वाटतं त्याच्या आधी येतो. तू तो दिसल्यावर उडतोस. तोवर उशीर झालेला असतो. मारणाऱ्याचा पाय मागे गेला की निघ. चेंडूची वाट बघू नकोस.

एवढंच आहे. दोन वाक्यांची गोष्ट होती. मार्चमध्ये तिकिटाच्या पैशात मावली असती.

आता तू खेळणारच आहेस, तर चिलीसमोर आपल्या घरातला माणूस येड्यासारखा दिसू नये. बेनिता पण बघायला येणार आहे.

कासियानो


खोली ३ वरून खोली ४१२ ला
१५ जून

दाजी,

एप्रिलपर्यंत चेंडू गोल होता. आज एकदम सरळ झाला?

मी पोर्तुगालमध्ये राहतो, खुळ्यांच्या गावात नाही. पहिल्या सामन्यात मी तोंडावर पडलो तर दुसऱ्या सामन्यात तुम्ही देव. मारणाऱ्याचा पाय मागे गेला की निघ म्हणता. मी निघालो आणि त्याने दुसरीकडे मारला तर? तुम्ही जे सांगितलंत त्याच्या बरोबर उलट करीन. वाट बघीन.

रो.


खोली ४१२ वरून खोली ३ ला
१५ जून

बघ.

का.


ला पास, १८ जून
पहाटे, दाराखालून

दाजी,

टॅक्सी खाली उभी आहे. तुम्ही झोपला आहात, तुमच्या खोलीतला तो उंच मुलगा घोरतो आहे, जिन्यावर ऐकू येतं. चौथ्या मजल्यापर्यंत चढायला मला चार ठिकाणी बसावं लागलं. हे शेवटचं बसणं तुमच्या दाराशी आहे.

काल मी वाट बघितली. बाविसाव्या मिनिटाला त्यांच्या त्या केस वाढवलेल्याने पस्तीस यार्डांवरून मारला. मी थांबलो. चेंडू आधी जाळ्यात गेला, मग मला दिसला. मैदान इतकं शांत झालं की वरच्या रांगेतून ताईचा आवाज ऐकू आला. काय म्हणाली ते लिहीत नाही.

मध्यंतरात बाहेरचे एका बाकावर, घरचे समोरच्या बाकावर. इतुर्बे मधे उभा राहून भिंतीला शिव्या देत होता. मला वाटलं तुम्ही म्हणाल, सांगितलं होतं ना. तुम्ही बुटाची नाडी बांधत होतात. एकच नाडी, सगळा वेळ.

दुसऱ्या अर्ध्यात केसवाल्याचा पाय मागे गेला आणि मी निघालो. डोळे मिटून निघालो म्हणा. चेंडू येऊन हाताला लागला. पुन्हा मारला, पुन्हा लागला. तिसऱ्यांदा त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला काहीतरी विकलं आणि ते घरी जाऊन फुटलं. आपल्या लोकांनी दोन घातले. दोन-एक.

हेही सांगतो, नाहीतर तुम्ही सांगालच. दुसऱ्या अर्ध्यात मी दक्षिणेकडे होतो. पहिल्या अर्ध्यात त्याच गोलावर आपल्या पोरांनी नऊदा मारला, तीनदा खांबाला लागला, आत एकही नाही. दक्षिणेच्या गोलात नव्वद मिनिटांत एकही चेंडू गेला नाही. माळी मला मिठी मारून म्हणाला, "काम चोख झालं." माझं श्रेय एका लामाने खाल्लं.

आता तुमचं. तिकडे खाली सान्तियागोला चेंडू उशिरा येतो. निघतो जोरात, मग हवेत त्याला आळस येतो, आणि शेवटी एकदम खाली बसतो. तुम्हाला वाटेल आला. आलेला नसतो. तुम्ही सवयीने उडाल, खाली पडाल, आणि मग तो वरून येईल. पाय रोवा. आला असं वाटलं की मनात स्वतःला एक शिवी द्या. ती पुरी झाली की हात वर करा.

तुम्ही म्हणाल, याला काय माहीत, हा तर खेळतच नाही. म्हणूनच माहीत आहे. खेळणारा गोली फक्त आपल्याकडे आलेला चेंडू बघतो, आणि तोही घाबरून. मी वर्षभर बाकावर बसून दोन्हीकडचे बघितले. दुसरं कामच नव्हतं. युरोपात माझ्याइतके लांबचे चेंडू कुणी बघितले नसतील.

पटलं नाही तर उलट करा. तो हक्क तुमचा आहे. मी वापरून बघितला.

जर्सी दाराच्या मुठीला अडकवतो आहे. धुतलेली नाही, वेळ नव्हता.

रोमुलो


ओरुरो, ९ जुलै

रोमुलो,

तीन-शून्य. तुला कळलं असेलच. आपण बाहेर.

कसं झालं ते पेपरात चुकीचं आलं आहे, म्हणून लिहितो.

नवव्या मिनिटाला पहिला लांबचा चेंडू. तोच केसवाला. माझे पाय निघाले. वीस वर्षांचे पाय, ते कुणाचं ऐकत नाहीत. मी त्यांना धरून ठेवलं. चेंडू आला. आलेला नव्हता. मी शिवी दिली. प्रेक्षक हसायला लागले, त्यांना वाटलं मी घाबरून खिळलो. शिवी पुरी झाली. चेंडू खाली आला आणि शेजारणीने पाव आणून द्यावा तसा हातात पडला. मी तो छातीशी धरून इतका वेळ उभा राहिलो की पंचाने शिट्टी वाजवली.

असे बरेच आले. एकही गेला नाही. कधी लांब शिवी, कधी आखूड. अर्ध्या तासानंतर चिलीवाल्यांनी लांबून मारणं सोडूनच दिलं. बिचारे काय करणार, जवळ आले. आणि जवळून तीन घातले. एक आपल्याच माणसाच्या ढुंगणाला लागून. जवळच्या चेंडूबद्दल तुझ्या पत्रात एक अक्षर नव्हतं.

सामना संपल्यावर त्यांचा गोली आला, जर्सी काढत. बदलायची पद्धत आहे, मला माहीत आहे. मी नाही म्हणालो. त्याला वाटलं मला समजलं नाही. त्याने खुणेने दाखवलं. मी पुन्हा नाही म्हणालो. तो म्हणाला, "तीन गोल खाल्लेली जर्सी आहे, ठेवून काय करणार?" मी म्हणालो, "चार. एक माझ्या मेव्हण्याचा आहे." हे असभ्य झालं असं पेपरात आलं आहे. ते मात्र बरोबर आहे.

इतुर्बे गेला. विमानात बसताना म्हणाला, चूक घरच्यांची. ला पासच्या मध्यंतरात चूक बाहेरच्यांची होती. नवा येईल तो आणखी काही म्हणेल. आपल्याकडे माणूस एकतर इथे नसतो म्हणून वाईट, नाहीतर इथेच असतो म्हणून.

बेनिताला तुझी चिठ्ठी मिळाली. देशाकडून खेळूनही क्लबने सोडलं ते वाचलं. ती दोन दिवस तुझ्या अध्यक्षांच्या आईबद्दल बोलते आहे. जर्सी तिने धुतली. दोरीवर आहे, येणारे-जाणारे थांबून बघतात. कुणी विचारलं कुणाची, तर ती म्हणते, "दोघांची," आणि मी आतून ओरडतो, "माझी."

मी आमच्या क्लबच्या सचिवाशी बोललो. तुझी सोय नाही केली, गैरसमज नको. फक्त म्हणालो, एक गोली येतो आहे, बघून घ्या. तो म्हणाला, "आपल्याकडे जागा एकच आहे, आणि ती तुझी आहे." मी म्हणालो, "मग?"

ये. खडीवर पडायचं कसं ते पहिल्या दिवशी दाखवीन. दुसऱ्या दिवसापासून तू तुझं, मी माझं. जागा मी देणार नाही. काढून घेता आली तर घे.

कासियानो